खोकी अजून उघडायची आहेत

जून २०२२मध्ये महाराष्ट्रात दोन बिऱ्हाडं हलली. एक सुरत, गुवाहाटी, गोवा असं फिरत गेलं आणि त्याच्या दिमतीला खास विमान होतं. दुसरं दादरहून घोडबंदर रोडला आलं. त्याच्या दिमतीला ताडपत्री बांधलेला टेम्पो होता आणि ड्रायव्हरच्या शेजारी मांडीवर देव घेऊन बसलेली माझी आई. पहिल्याची बातमी देशभर गेली. दुसऱ्याची मी आज देतो आहे.

आईचं म्हणणं, मंगळवारी घर हलवू नये. पण आषाढी तोंडावर आली होती. एकदा चातुर्मास लागला की शुभकार्यं थेट दिवाळीनंतर, आणि दादरच्या भाड्याच्या घराचा अकरा महिन्यांचा करार त्याच्या कितीतरी आधी संपत होता. त्यात टेम्पोवाला म्हणाला, शनिवार-रविवार फुल आहे, मंगळवारी येतो, पाचशे कमी द्या. पाचशे रुपयांसमोर पंचांग टिकलं नाही. २१ जूनचा मंगळवार ठरला.

त्या दिवशी सकाळी गोदरेजचं कपाट जिन्याच्या मधल्या वळणावर होतं. आदल्या रात्री विधान परिषदेचे निकाल लागले होते आणि नगरविकासमंत्री एकनाथ शिंदे शिवसेनेच्या बऱ्याच आमदारांसह 'नॉट रीचेबल' झाले होते. आम्हाला याचा पत्ता नव्हता, कारण टीव्ही गोधडीत गुंडाळलेला होता. कपाटाचा सगळा भार ज्याच्या खांद्यावर होता त्या हमालाच्या खिशातला मोबाईल वाजला. त्याने तो एका हाताने काढला, कानाला लावला आणि तो जागच्या जागी थांबला.

"काय सांगतो? सुरतला?"

कपाटामागून दुसऱ्याचा आवाज आला, "किती गेले?"

"अकरा म्हणतोय. थांब, वाढले म्हणतोय."

"आधी ते कपाट खाली न्या," बायको वरून ओरडली, "मग मोजा."

आईने एवढंच म्हटलं, "मी सांगत होते, मंगळवारी हलू नये." हे आम्हाला होतं की सरकारला, ते तिने स्पष्ट केलं नाही.

मतदार म्हणून माझी त्या दिवशी विचित्र अवस्था झाली. मतदारयादीत नाव माहीम मतदारसंघात, अंथरूण-पांघरूण ओवळा-माजिवडा मतदारसंघात. माहीमचे आमदार सदा सरवणकर आणि ओवळा-माजिवड्याचे प्रताप सरनाईक, दोघेही त्या आठवड्यात गुवाहाटीच्या एकाच हॉटेलात होते. मी दोन मतदारसंघांच्या मध्ये, पूर्व द्रुतगती मार्गावर, पावसात, टेम्पोच्या मागे रिक्षात. दोन्हीकडचं प्रतिनिधित्व माझ्याशिवाय एकत्र नांदत होतं.

घराच्या मालकीचं आधीच सांगून टाकतो. ठाण्यात तेव्हा मुद्रांक शुल्क सात टक्के झालं होतं. त्यातला एक टक्का मेट्रो उपकर, १ एप्रिल २०२२पासून लागू. खिडकीतून मेट्रोचे खांब दिसत होते. मेट्रो दिसत नव्हती. म्हणजे तो एक टक्का आम्ही खांब बघण्याचा दिला. तो कुठूनतरी वसूल करावा म्हणून घर एकट्या बायकोच्या नावावर घेतलं, कारण बाईच्या नावावर खरेदी केली की शुल्कात एक टक्का सूट. त्या सुटीला तेव्हा एक अट होती, पंधरा वर्षं ते घर पुरुषाला विकायचं नाही. पक्षांतरबंदी कायदा १९८५ साली आला, २००३ साली आणखी कडक केला, तरी या अटीच्या जवळपाससुद्धा तो पोचलेला नाही. हप्ता माझ्या पगारातून जातो. घरात मी बाहेरून पाठिंबा देतो.

संध्याकाळी दूध उतू घालवायचं होतं. गॅसचं कनेक्शन अजून दादरच्या पत्त्यावर, म्हणून शेजारून इंडक्शनची शेगडी आणली. आता दूध उतू जाणं हा आपल्याकडे शुभशकुन असेल, इंडक्शनच्या लेखी तो अपघात आहे. दूध काठाला आलं आणि एक थेंब काचेवर पडला की ती शेगडी टुंई करून बंद. आई हात जोडून उभी, मुलगा बटण दाबतोय, दूध वर येतंय, शेगडी बंद, पुन्हा बटण. हॉलमधून टीव्हीचा आवाज: संख्याबळ वाढतंय, वाढतंय. शेवटी बायकोने भांडं उचललं आणि चमचाभर दूध हाताने ओट्यावर सांडलं. "झालं उतू," ती म्हणाली. आईने ते मान्य केलं. बहुमत सिद्ध करण्याच्या ज्या तऱ्हा नंतर बघितल्या, त्यात ही फार वाईट नव्हती.

घरात सगळ्यात आधी टीव्ही लागला. गॅस नाही, पंखे नाहीत, पडदे नाहीत, पण टीव्ही. खोक्यांवर बायकोने मार्करने नीट लिहिलं होतं: 'डाळी', 'काचेचं, वर काही ठेवू नका', 'आईंची औषधं'. शेवटच्या रात्री हे काम आठवीतल्या मुलावर सोपवलं आणि त्याने उरलेल्या सगळ्या खोक्यांवर 'इतर' लिहिलं. सेट-टॉप बॉक्सचा रिमोट 'इतर'मध्ये गेला. कुठल्या इतरमध्ये, हे त्यालाही सांगता येईना. त्यामुळे टीव्ही चालू केला की दादरला बंद करताना जे चॅनल होतं तेच लागायचं. त्या ऐन धामधुमीत आमच्या घराला एकच चॅनल होतं आणि ते ठामपणे एका बाजूचं होतं. समोरच्या दारातल्या काकांचं चॅनल तितकंच ठामपणे दुसऱ्या बाजूचं. आमच्याकडे गद्दारी चालली होती, त्यांच्याकडे उठाव. मधे चार फुटांची लॉबी आणि दोन्ही घरांच्या चपला. मी त्या लॉबीतून फेऱ्या मारायचो आणि सत्य त्या चपलांच्या आसपास कुठेतरी असावं अशा समजुतीने राहायचो.

काका मूळचे नौपाड्याचे, मंत्रालयात सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी करून निवृत्त झालेले. मंत्र्यांच्या बंगल्यांच्या रंगरंगोटीच्या फायली त्यांच्या टेबलावरून गेलेल्या. त्यामुळे राजकारणाकडे ते विचारसरणी वगैरेतून बघत नाहीत, रंगाच्या डब्यांतून बघतात. नवा शेजारी आला की लोक चहा आणतात. काकांनी आकडा आणला. "सदतीस," दारातच म्हणाले. "सेनेचे पंचावन्न. दोन तृतीयांश म्हणजे सदतीस. सदतीस झाले की कायद्याने हात लावता येत नाही. मात्र दुसऱ्या पक्षात विलीन व्हावं लागतं. हे विलीन होणार नाहीत बघा." बायको त्या वेळी कपबश्या शोधत होती. तिने विचारलं, "साखर असेल का तुमच्याकडे?"

मग आली २२ जूनची रात्र. संध्याकाळी मुख्यमंत्री उद्धव ठाकरे फेसबुकवरून बोलले होते आणि रात्री ते 'वर्षा' सोडून 'मातोश्री'वर निघाले. रस्त्यावर शिवसैनिक, फुलं, घोषणा, काहींच्या डोळ्यांत पाणी. पण त्याआधी बराच वेळ कॅमेरे एकाच गोष्टीवर लागले होते: बंगल्यातून बाहेर येणाऱ्या बॅगा. माणसं बॅगा आणतायत, गाडीत ठेवतायत, पुन्हा आत जातायत. निवेदक म्हणत होता की हा महाराष्ट्राच्या इतिहासातला अत्यंत भावनिक क्षण आहे. आमच्या हॉलमध्ये गुंडाळलेल्या गादीवर बसून तो क्षण बघणाऱ्या दोघी आदल्याच दिवशी घर हलवून आलेल्या होत्या. त्यांनी तो व्यावसायिक नजरेने बघितला.

"एवढ्याच बॅगा?" बायको म्हणाली. "अडीच वर्षांत?"

"भांडी तिथलीच असतात," आई म्हणाली. "सरकारी."

"पण पुस्तकं? औषधं? चार्जर? अहो आई, आपले नुसते चार्जर एक पिशवी होते."

"देव आधी नेले असतील."

"ती बघा, त्या बॅगेची चेन नीट लागलेली नाही. घाईत भरलंय. आता त्यातलं काही महिनाभर सापडणार नाही." एवढं बोलून ती जरा गप्प झाली आणि मग म्हणाली, "रश्मीताईंनी बिचाऱ्यांनी एकटीनेच आवरलं असणार." दिवसभर गद्दारी, उठाव, हिंदुत्व, निधी यांवर शेकडो माणसं बोलली होती. सहानुभूतीचं खरं वाक्य मला हे एकच वाटलं.

काका तेव्हा लॉबीतून आत आले होते. त्यांनी वर्षाची कुळकथा सांगितली. वसंतराव नाईक मंत्री असताना त्या बंगल्यात राहायला गेले. १९६३मध्ये मुख्यमंत्री झाले, तेव्हा पदाबरोबर घरही बदलतील असं सगळ्यांना वाटलं. ते म्हणाले, इथेच बरं आहे. तेव्हापासून वर्षा हेच मुख्यमंत्र्यांचं घर झालं. "नाईकसाहेब अकरा वर्षांवर सलग मुख्यमंत्री राहिले," काका बोट वर करून म्हणाले, "का? शिफ्टिंग केलं नाही." यावर आमच्या घरातून एकमताने सुस्कारा निघाला.

गुवाहाटीहून शहाजीबापू पाटलांचा तो फोन आला, तेव्हा माझा जुना राग उफाळून आला. काय झाडी, काय डोंगार, काय हाटेल! सांगोल्याच्या आमदारांनी एका श्वासात जे सांगितलं, नेमकं तेच आमच्या दलालाने सांगायला दोन शनिवार आणि एक रंगीत पुस्तिका घेतली होती. येऊरचा डोंगर, हिरवाई, रिसॉर्टसारखं राहणं. डोंगर खरोखर दिसतो, हे कबूल. न्हाणीघराच्या खिडकीतून, बादलीवर उभं राहिलं की. शिवाय पहिल्या मोठ्या सरीनंतर मुलाच्या खोलीच्या भिंतीवर ओलीचा डाग उमटला. त्या दिवसांत टीव्हीवर सारखा तोच नकाशा, म्हणून मुलाला तो डाग आसामसारखा दिसला. आसामात त्याच वेळी महापूर होता, लाखो लोक पाण्यात होते. ते दृश्य हॉटेलच्या दारावरून कॅमेरा हलला तरच दिसायचं, आणि कॅमेरा सहसा हलायचा नाही.

३० जूनला दुपारी सुतार आला होता. माळ्याच्या दारांचं माप घेत होता. एवढ्यात देवेंद्र फडणवीसांनी जाहीर केलं की मुख्यमंत्री एकनाथ शिंदे होणार आणि आपण सरकारच्या बाहेर राहून मदत करणार. सुताराच्या हातातला टेप सर्रकन मिटला. तो ठाण्याचाच. "आपला माणूस झाला!" म्हणाला, पेन्सिल कानावर खोचली आणि खाली उतरला. खाली फटाके, गुलाल, ढोल. ठाण्यात रिक्षा चालवलेला माणूस मुख्यमंत्री झाला होता आणि त्या आनंदात खोटं काही नव्हतं; आमच्या बिल्डिंगीच्या रिक्षा-स्टँडवर पेढे वाटले गेले, मलाही मिळाला. संध्याकाळी साडेसातच्या शपथविधीपर्यंत फडणवीसांना वरून निरोप आला, उपमुख्यमंत्री व्हा. ते झाले.

मला ते चटकन समजलं. आमच्याकडे कपाटांचं वाटप तेव्हा नुकतंच झालं होतं. मी मोठ्या मनाने म्हटलं होतं की मला कप्पा नको, माझे कपडे बॅगेतच राहू देत, मी बाहेरून मदत करीन. तासाभरात वरून आदेश आला: खालचे दोन कप्पे घ्या आणि हॉलमधली ती बॅग आधी हलवा.

सुतार पेन्सिल कानाला लावून गेला तो गेलाच. फोन केला की म्हणायचा, "मंत्रिमंडळ विस्तार झाला की येतो." दोघांचा संबंध काय, हे मी विचारलं. त्याचं एक मोठं काम एका इच्छुकाच्या बंगल्यावर अडलं होतं. तो मंत्री झाला तर संगमरवर, नाही तर सनमायका. सगळं राज्य थांबलं होतं, त्यात माझा माळा. आषाढी एकादशी आली. नव्या मुख्यमंत्र्यांनी सपत्नीक विठ्ठलाची महापूजा केली. आई पहाटे उठून ती बघत होती, वर उघड्या माळ्यातून सतरंजीचं टोक लोंबत होतं. राज्याचं मंत्रिमंडळ अजून दोघांचंच होतं. ९ ऑगस्टला अठरा मंत्र्यांनी शपथ घेतली, १४ ऑगस्टला खातेवाटप झालं. सुताराचा इच्छुक यादीत नव्हता. सुताराने दुःखाने फोन बंद ठेवला.

या सगळ्यात माझ्या घराची अशी म्हणावी ती एकच बातमी होती, आणि ती कुणी दाखवली नाही. रिझर्व्ह बँकेने ८ जूनला रेपो दर ४.९० टक्के केला. ५ ऑगस्टला ५.४०. सप्टेंबरअखेर ५.९०. म्हणजे आमचं कर्ज मंजूर होताना जो आकडा होता तो दर सणाला नवा अंगरखा घालून यायचा. ५ ऑगस्टला आमच्या चॅनलवर ही बातमी आली, पण तळाच्या पट्टीत, आणि वरच्या चौकटीत कुणाला गृहखातं मिळणार यावर चार जण भांडत होते. पट्टी सरकून गेली. मी खाली वाकून ती पुन्हा येण्याची वाट बघत होतो, तर मुलगा म्हणाला, "बाबा, वर बघा ना, मज्जा चाललीय." बँकेने मात्र सौजन्य दाखवलं. हप्ता वाढवला नाही, वर्षं वाढवली. कुठलंही सरकार पाच वर्षं टिकेल की नाही यावर काकांशी मी तावातावाने पैजा लावत होतो, आणि तिकडे माझ्या कर्जाची मुदत निवृत्तीच्या पलीकडे जाऊन बसली होती.

ऑगस्टच्या अधिवेशनात विधान भवनाच्या पायऱ्यांवर विरोधकांनी 'खोके, एकदम ओके' अशा घोषणा दिल्या. त्याचा त्रास आम्हाला झाला. आमच्या हॉलमध्ये अजून खोक्यांची उतरंड होती, आणि येणारा प्रत्येक माणूस दारातच थबकून तीच घोषणा म्हणायचा. पेपरवाला म्हणायचा, इस्त्रीवाला म्हणायचा, मुलाचे मित्र तर सुरात म्हणायचे. सत्यनारायणाला आलेल्या गुरुजींनीसुद्धा आसनावर बसताबसता तिकडे नजर टाकली आणि म्हणाले, "एकदम ओके दिसतंय." बायकोने त्या रागात एका रविवारी निम्मी खोकी उघडली. सरकारविरोधी आंदोलनाचा एवढा थेट परिणाम महाराष्ट्रात दुसरीकडे कुठे झाला असेल, असं वाटत नाही.

दारावरची पाटी हा वेगळा खटला. आधीच्या मालकांची पितळी पाटी, तिचे स्क्रू गंजलेले. इलेक्ट्रिशियन म्हणाला, ओढली तर लाकडाचा टवका निघेल. म्हणून ती तशीच, आणि तिच्याखाली मुलाने कागदावर आमचं आडनाव लिहून चिकटवलेलं. विजेचं बिल त्यांच्या नावावर, वॉचमनच्या वहीत ते, कुरिअरवाला मला त्यांच्याच आडनावाने हाक मारायचा आणि मी ओ द्यायचो. गॅस, रेशनकार्ड, मतदारयादी दादरला. ऑक्टोबरमध्ये निवडणूक आयोगाने धनुष्यबाण गोठवला आणि एकाला मशाल, दुसऱ्याला ढाल-तलवार दिली, तेव्हा काका आमच्या दाराकडे बघून म्हणाले, "तुमचंही तात्पुरत्या चिन्हावरच चाललंय." फेब्रुवारी २०२३मध्ये आयोगाने नाव आणि धनुष्यबाण शिंदे यांना दिले. काकांनी निकाल समजावून सांगितला: पक्षाची घटना, संघटना यांवरून आयोगाला निर्णय करता येईना, शेवटी निवडून आलेल्यांचं बहुमत कुठे ते बघितलं.

आई जपमाळ थांबवून ऐकत होती. "म्हणजे ज्याच्याकडे सामान जास्त, त्याचं घर?"

"साधारण तसंच, वहिनी."

"आणि देव कुठे आहेत ते बघत नाहीत?"

काकांनी थोडा विचार केला. तीस वर्षं मंत्रालयात काढलेला माणूस, पण याचा शासननिर्णय त्यांना आठवेना.

पुढे रिमोट मिळाला, काचेच्या सामानात, माझ्या मोज्यात घालून ठेवलेला. तोवर नवा घेतलेला होता. आता आम्हाला सगळी चॅनल दिसतात. काका म्हणतात, तुमच्यात पूर्वीचा ठामपणा राहिला नाही.

मग डिसेंबर २०२४मध्ये फडणवीस मुख्यमंत्री झाले आणि वर्षावर राहायला जाईनात. चर्चा सुरू झाल्या. काय काय पुरलंय, कुणी काय केलंय, चॅनलवाले कुदळी घेऊन जायचेच बाकी होते. काकांना रोज संध्याकाळी एक नवी थिअरी सुचायची. शेवटी मुख्यमंत्र्यांनी स्वतःच सांगितलं: मुलीची दहावी आहे, परीक्षा झाली की जाऊ. एका क्षणात सगळा महाराष्ट्र गप्प झाला. यावर विरोधी पक्षाकडेही उत्तर नव्हतं. त्यांच्याही घरी कुणीतरी कधीतरी दहावीला होतंच. परीक्षा, निकालाची वाट, मग अक्षय्य तृतीयेचा गृहप्रवेश. बायको म्हणाली, पहिल्यांदाच एखादं सरकार माणसांनी चालवलंय असं वाटलं.

त्याच वर्षी आमचाही मुलगा दहावीला. आणि परीक्षेच्या तोंडावर फेब्रुवारीत, इतक्या काळानंतर, अचानक सुताराचा फोन. आवाजात तीच आपुलकी.

"साहेब, ती माळ्याची दारं राहिलीयत ना आपली? उद्या येतो. माप आहे माझ्याकडे."

बायकोने माझ्या हातातून फोन घेतला. "उद्या नको. मुलाची दहावी आहे, ठोकाठोक चालणार नाही. मे महिन्यात या."

"हो हो, बरोबर आहे वहिनी," सुतार समजूतदारपणे म्हणाला. "वर्षावरच्या कामवाल्यांना पण तेच सांगितलंय म्हणे."